आर्क्टिक वृत्तापर्यंत अहो

अहो, तुमची कॅराव्हॅन अजून घराच्या कडेला उभी आहे. लिंडनच्या झाडाचा चिकटा पडून तिचा पांढरा पत्रा कळकट झाला आहे. समोरच्या आजोबांनी दोनदा, अगदी अदबीने, विचारून झालं की आता तिचं काय करणार. मी म्हटलं, "माल झेएन." म्हणजे बघू. तुमचाच शब्द, फक्त जर्मनमधून.

तुम्ही मे महिन्यात गेलात. शोकसभेला आपली सगळी मराठी मंडळी एरलांगेनहून, न्युर्नबर्गहून आली होती. तुम्ही किती शांत, किती काटेकोर, नव्याने आलेल्या पोरांना घर शोधण्यापासून पत्ता नोंदवायच्या, आनमेल्डुंगच्या रांगेपर्यंत कशी सोबत करायचात, हे एकेकाने उठून सांगितलं. सगळं खरं होतं. मी मान हलवत बसले होते आणि आतून नुसती धुमसत होते. कारण तुमचं-माझं भांडण अर्धवट राहिलं आहे. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची खोड जुनीच, पण दरवेळी निदान चहाला तरी परत यायचात.

तर आता मी बोलते आणि तुम्ही ऐका. नाहीतरी मधेच "तसं नाही गं" म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

नॉर्डकापचं वेड घरात आलं तेव्हा आपली मिताली चौथीत होती. ऑफिसातल्या कोणीतरी कॅराव्हॅन घेऊन युरोपच्या पार उत्तर टोकाला जाऊन आल्याचे फोटो दाखवले, आणि तुम्ही झपाटल्यासारखे घरी आलात. मी थालीपिठं लावत होते. तुम्ही जेवणाचं टेबल पुसून त्यावर स्वीडनचा नकाशा अंथरलात आणि गावांची नावं मोठ्याने वाचायला लागलात. सुन्ड्सवाल, उमेओ, लुलेओ. "बघ, इथपर्यंत समुद्र सतत उजव्या हाताला. मग फिनलंड. मग हळूहळू झाडं संपतात." झाडं संपतात हे असं काही सांगितलंत की जणू तिथे तुमची कोणी वाट बघत बसलं होतं. खरं सांगते, त्या संध्याकाळी तुम्ही मला फार आवडलात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा नव्याने आवडणं ही काही रोजची गोष्ट नाही. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, ते आत्ता मानते.

मग एका पेन्शनर जोडप्याकडून ही जुनी कॅराव्हॅन घेतलीत आणि तयारीला सुरुवात झाली. गाडीच्या हुकवर कॅराव्हॅनच्या नाकाचा जो भार पडतो त्याला श्ट्युत्सलास्ट म्हणतात, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाथरूममधला वजनकाटा तुम्ही त्या नाकाखाली नेऊन ठेवलात. कुकर पुढच्या कपाटात ठेवायचा की चाकांच्या वर? बासमतीचं पोतं पलंगाखाली सरकवायचं, वाकून काटा बघायचा, पोतं परत बाहेर काढायचं.

"अहो, तांदूळच आहेत, ठेवा कुठेही," मी म्हणायचे.

"कुठेही ठेवले की आउटोबानवर शेपूट हलायला लागते," तुम्ही म्हणायचात. "ट्रक शेजारून गेला की कळेल तुला."

तो काटा पुन्हा बाथरूममध्ये आलाच नाही. एका परीने ते बरंच झालं. पण जर्मन गॅसचं सिलिंडर नॉर्वेत बदलून मिळत नाही या एका प्रश्नावर तुम्ही अख्खा हिवाळा काढलात, तो मात्र मला चांगलाच आठवतो. जानेवारीच्या बर्फात लोक घसरगुंड्या खेळत होते आणि आपण गॅसवर चर्चा करत होतो.

उत्तरेची रंगीत तालीम म्हणून आपण ब्रोम्बाखझेच्या तळ्यावर जायचो. ते तळं घरापासून तासाभरावर आणि तेही दक्षिणेला, हे मी दरवर्षी लक्षात आणून द्यायचे. तिथे जागेवर कॅराव्हॅन मागे घेताना मी पाठीमागे उभी राहून ओरडायचे, "अहो, डावीकडे! अहो, थांबा!" शेजारच्या जागेवर एक निवृत्त काका होते, शिडाच्या होडीचे शौकीन. होडीवाले एकमेकांना हाक मारतात तीच ही हाक असं त्यांना वाटलं आणि माझ्या प्रत्येक 'अहो'ला ते हात उंचावून "आहोय!" असं उत्तर द्यायला लागले. तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटलात आणि कॅराव्हॅन खुंटीवर गेली.

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे कॉफीला बसलो असताना मी तुम्हाला विचारलं, "म्योख्टेन झी नोख काफे?" आणखी कॉफी घेणार का तुम्ही? काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुमच्याकडे, आणि म्हणाल्या, "आख झो, म्हणजे तुम्ही दोघं एका ऑफिसात आहात होय?"

यात माझी काय चूक, मला सांगा. इथे आल्यावर जर्मनच्या क्लासमध्ये बाईंनी शिकवलं की जवळच्या माणसाला दू, ज्याला मान द्यायचा त्याला झी. मी मनात जुळवून टाकलं, दू म्हणजे तू आणि झी म्हणजे तुम्ही. मग नवऱ्याला काय? झी, दुसरं काय. नवऱ्याला झी म्हणणं म्हणजे हा माझा कोणी लागत नाही असं चारचौघांत जाहीर करणं, हे फार नंतर कळलं आणि तोवर जिभेला वळण पडलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर गिऱ्हाइकांना झी, घरी येऊन तुम्हाला अहो. घाई असली, लोक समोर असले की तुमच्यासाठी जर्मनमध्ये तोंडातून झीच यायचं. मिताली कपाळावर हात मारायची. "मामा, दू झीत्स्ट देन पापा! दस इस्ट झो पाइनलिश!" आई, तू बाबांना झी म्हणतेस, लाज आणतेस, म्हणायची. ती स्वतः तुम्हाला बोलायला लागल्यापासून "अरे बाबा" म्हणत आली. म्हणजे या घरात तुम्हाला तू म्हणायची मुभा होती, फक्त मला नव्हती.

हा किस्सा तुम्ही प्रत्येक पार्टीत सांगायचात. "आमच्या मॅडम आम्हाला झी म्हणतात." लोक हसायचे, मीही हसायचे. आतून मला कधीच हसू आलं नाही.

एकदा तळ्यावर जेवणं झाल्यावर, मिताली पोहायला गेली होती तेव्हा, मी सरळ म्हटलं, "मला तुम्हाला तू म्हणायचंय."

"आता? या वयात?"

"हो, याच वयात."

"आईच्या कानावर गेलं तर?"

"आई सांगलीला आहेत हो. त्यांचे कान इतके लांब नाहीत."

"जिभेला सवय लागते गं. मग तिकडे गेल्यावर सगळ्यांसमोर निघून जातं." मग तुम्ही कॅराव्हॅनच्या भिंतीवर चिकटवलेल्या नकाशाकडे बघितलंत आणि खुशीत आलात. "बरं, असं करू. आर्क्टिक वृत्त ओलांडलं की म्हण तुला काय म्हणायचं ते. तिथे ऐकायला रेनडियरच असतील."

तुम्ही विनोद केलात. मी मात्र तो शब्द धरून बसले.

तोवर मला उत्तरेचं काही पडलं नव्हतं. थंडी, डास आणि वाळवलेले मासे बघायला रजा घालवून कोण जातं? पण त्या दिवसापासून मला तुमच्याहून जास्त घाई झाली. तुम्हाला ते कधी कळलंच नाही. तुम्ही समजलात की हिलाही शेवटी नॉर्डकापची गोडी लागली. मला नॉर्डकाप नको होतं, मला तू हवं होतं. 'तुम्ही चुकताय' म्हटलं की निम्मा राग आर्जवात जातो. 'तू चुकतोयस' कसं सरळ जाऊन लागतं. आणि लाड करायचे म्हटले तरी 'तुम्ही'मध्ये माणूस किती लाड करणार? मला तुमच्या शेजारी, तुमच्या उंचीला बसून तुमच्याशी बोलायचं होतं, आणि त्यासाठी तुम्ही मला थेट उत्तर ध्रुवाजवळचा पत्ता दिला होतात.

मग सुरू झालं तुमचं 'पुढच्या वर्षी'. एका उन्हाळ्यात आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, ते मला मान्य. पण नंतर इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात म्हणालात की रस्ते तुंबलेले असतील. रस्ते स्टेडियमकडे जाणारे तुंबणार होते, लॅपलँडकडे जाणारे नव्हेत. त्याच्या पुढच्या वर्षी टायर जुने झाले. टायर घेतले तर ब्रेक तपासून घ्यायचे राहिले. दर हिवाळ्यात नकाशा निघायचा, दर वसंतात यादी व्हायची आणि दर जूनमध्ये आपण ब्रोम्बाखझेला. 

मी म्हटलं, मी पण शिकते ओढायला. आपल्या साध्या लायसन्सवर इतकी जड कॅराव्हॅन ओढता येत नाही, वेगळी परीक्षा असते. तुम्ही ती दिली होतीत. "आळीपाळीने चालवू, लवकर पोचू," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "दोघांनी कशाला? मी आहे ना." इथल्या गाडीच्या परीक्षेत खांद्यावरून मागे न बघितल्याबद्दल पहिल्यांदा नापास कोण झालं होतं आणि पहिल्या फटक्यात पास कोण, हे मी तेव्हा काढलं नाही. आता काढते. मी आहे ना! इतका हिशेबी माणूस, कुकरचासुद्धा भार मोजणारा, आपण नसू ही शक्यता तुम्ही कुठेच धरली नव्हतीत.

यंदा सगळं ठरलं होतं. डेन्मार्कच्या फेरीबोटीचं तिकीट पक्कं केलं होतं, रजा मंजूर होती, मी दुकानात सगळ्यांना सांगून बसले होते. आणि मेमधल्या एका रविवारी, पोहे खाता खाता, तुम्ही म्हणालात, "यंदा जरा अवघड दिसतंय. प्रोजेक्ट पुढे सरकलंय. पुढच्या वर्षी नक्की."

मी चमचा खाली ठेवला. "तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला फक्त तयारी करायची आहे."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

तुम्ही म्हणालात, "बघू," आणि टायरमधली हवा बघायला बाहेर गेलात. तुम्ही चिडलात, तुम्हाला लागलं, की माझं म्हणणं पटलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोन दिवस आपण 'जेवण वाढू का' आणि 'वाढ' एवढंच बोललो. मग ऑफिसमधून फोन आला की तुम्ही मीटिंगमध्ये कोसळलात.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात. अंगाला वायरी लावलेल्या, चेहरा राखेसारखा. डॉक्टर म्हणाले, आमच्या प्रश्नांना ते नीट उत्तर देत नाहीयेत, तुम्ही विचारा काय होतंय ते, पण जर्मनमध्येच विचारा, म्हणजे आम्हालाही कळेल. मी वाकून विचारलं, "हाबेन झी श्मेर्त्सन?" दुखतंय का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "आइन बिस्शेन." थोडंसं. आणि अहो, तशाही अवस्थेत तुमच्या ओठांचा कोपरा हलला. किस्सा आठवला तुम्हाला. मी बघितलं ते.

माझ्या मागून आत आलेल्या नर्सने माझ्या दंडाला हळूच हात लावला. "धन्यवाद, आता तुमची गरज लागणार नाही. बाहेर थांबा, प्लीज." मला वाटलं, अशा वेळी सगळ्यांनाच बाहेर काढत असतील. मी मुकाट्याने बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. काही वेळाने दार उघडलं. तीच नर्स बाहेर आली, कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे बघितलं आणि मला विचारलं, "त्यांची बायको आली का? निघाल्यात का त्या घरून?"

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मीच.

ती बिचारी पांढरी पडली. "मला वाटलं तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या कोणी आहात," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना झी म्हणत होतात." मग तिला रडू फुटलं आणि मी तिची समजूत काढत बसले. तिचा काय दोष! जिला मान द्यायला शिकवलं तिने मान दिला, आणि जिने तो ऐकला तिने त्याचा इथला अर्थ लावला. तुम्ही तोवर गेला होतात. आत अनोळखी माणसं होती आणि मी भिंतीच्या या बाजूला, तुमची बायको येण्याची वाट बघणाऱ्या लोकांत.

सगळे सांगतात, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देतच नाही. मी तुम्हाला देते. एक शब्द मागत होते मी तुमच्याकडे. तो इथे, या टेबलावर, कधीही देता आला असता.

दिवस झाल्यावर आईंचा फोन आला. "शेवटी जवळ होतीस ना गं?" त्यांनी विचारलं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यांना मात्र सगळं सांगितलं. तळ्यावर तुम्ही काय म्हणालात तेही. मग त्या म्हणाल्या, "अगं, मी कधी म्हटलं होतं, अहोच म्हण म्हणून? आमच्या ह्यांना मी वरच्या खोलीत गेले की अरेच म्हणायचे. खाली आले की अहो. त्यात काय एवढं?" आणि त्याही रडायला लागल्या. ऐकताय ना? जिच्या भीतीने तुम्ही मला आर्क्टिकपर्यंत पिटाळत होतात, ती तुमची आई तुमच्या बाबांना अरे म्हणत होती.

म्हणजे आई हे निमित्त होतं. खरं कारण मला माहीत आहे, आणि ते कळत होतं म्हणूनच मी इतकी वर्षं गप्प बसले. ऑफिसात तुमच्या नावाचे दोन तुकडे करून त्यातला सोपा तुकडा ठेवला होता. तुमच्याहून कितीतरी लहान बॉस तुम्हाला दू म्हणत होता, शिकाऊ पोरं दू म्हणत होती. तुम्ही 'या, या, गेनाऊ', हो हो, अगदी बरोबर, म्हणून हसत होतात. घरी दारात "अहो, आलात?" ऐकलं की तुमचे खांदे सरळ व्हायचे. तेवढी एकच जागा उरली होती तुमच्या मोठेपणाला, आणि ती मला मोडायची नव्हती. पण मान मी 'तू'मध्येही दिला असता हो. तुम्हाला जपलंच असतं. माझ्यावर एवढा भरवसा टाकायला काय हरकत होती?

असो. आता पुढचं ऐका.

तुमच्या अस्थी भाऊजी सांगलीला घेऊन गेले आणि कृष्णेत सोडल्या. हे मुद्दाम सांगते, कारण उद्या आपली मंडळी म्हणतील की नवऱ्याची अपुरी इच्छा पुरी करायला निघाली. तसलं काही माझ्या मनात नाही. मी ओढायच्या लायसन्सचा क्लास लावला आहे. शिकवणारी बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "वोलेन विअर उन्स दुत्सन?" एकमेकींना दू म्हणू या का? मी म्हटलं, गेर्ने, आनंदाने. झालं, सीटबेल्ट लावायच्या आत विषय संपला. रिव्हर्स अजून धड जमत नाही, पण जमेल. ऑगस्टमध्ये मितालीला सुट्टी लागली की आम्ही दोघी निघतोय. तोवर मध्यरात्रीचा सूर्य संपलेला असेल, पुढच्या वर्षी जूनमध्ये जा, असं तुम्ही नक्की म्हणाला असतात. पुढच्या वर्षी हे शब्द मी या घरात बंद केले आहेत.

आणि नॉर्डकापला मी जाणार नाही. ते तुमचं. फिनलंडात रोव्हानिएमीच्या पुढे रस्त्यात आर्क्टिक वृत्ताची पाटी आहे म्हणतात. ती मागे टाकून गाडी कडेला घेईन, मितालीला चहा ठेवायला सांगेन आणि जरा लांब जाऊन मोठ्याने बोलेन. काय काय बोलायचं ते मनात रोज घोळवते आहे. त्यात लाड थोडे आहेत, शिव्याच पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, आता कोण अडवतंय, इथेच म्हण की. परवा म्हणून बघितलं. स्वयंपाकघरात, तुमच्या खुर्चीकडे बघून, सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अहो." तुम्ही गमतीत घातलेली अट, तुम्ही गेल्यावरही मी पाळते आहे. याचा मला जितका संताप येतो तितका तुमच्या जाण्याचाही येत नाही.

म्हणून जायचं आहे. त्या पाटीपर्यंत तुम्ही तुम्हीच आहात. पाटी ओलांडली की मग तुझी धडगत नाही.